एक मे महिना आणि एक श्रावण

झुलालला लग्नाला हो म्हणायला एक मे महिना आणि एक श्रावण लागला.

मुलगी बघितली एप्रिलात, पिंपळनेरला. मुलगी पसंत, घर पसंत, पोहेसुद्धा पसंत. मध्यस्थ म्हणाला, मग सुपारी फोडू. झुलाल म्हणाला, जरा थांबू. मुलीच्या बापाला वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी असणार. तसलं काही नव्हतं. झुलाल तेव्हा जळगावच्या एमआयडीसीत डिंकाच्या कारखान्यात नुकताच लागला होता आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या डोक्यात जे बसलं ते आजपर्यंत निघालेलं नाही. कुठलाही जोड आज घट्ट आहे याला काही अर्थ नाही. त्याने एक मे महिना काढला पाहिजे, एक श्रावण काढला पाहिजे. मग बोला.

त्याने होकार कळवला तो नेमका पितृपक्षात. पितृपक्षात कोणी सोयरीक जुळवतं का? दिपमालाच्या वडिलांनी फोनवरच कपाळाला हात लावला आणि दसऱ्यापर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. मधल्या काळात तिला दुसरी दोन स्थळं येऊन गेली. तिने दोन्ही परतवली. का, ते तिने पुढे एकदा माझ्या बायकोला सांगितलं: "जो माणूस हो म्हणाले सहा महिना लावस, तो नही म्हणाले बी तितलाच लावी."

मी प्रेमराज, झुलालचा चुलतभाऊ. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवतो. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला त्याचं कौतुक वाटायला हवं. पण माझा स्वभाव तापट, आणि झुलालबरोबर बाजारात जाऊन ज्याचं डोकं फिरत नाही असा माणूस खानदेशात अजून जन्मायचा आहे. चप्पल घेताना तो दुकानदारासमोरच तळवा अंगठ्याने उचकटून बघतो, वास घेतो आणि विचारतो, "किती काढेल?" दुकानदार म्हणतो, "दोन वर्षं काढेल, साहेब." हा म्हणतो, "वर्षं नको, तास सांगा." माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सगळे हॉलमध्ये आणि हा बाहेर बॅनरची चिकटपट्टी दाबत उभा. मला म्हणाला, "भाऊ, साडेबारापर्यंत राहील." बारा पस्तीसला बॅनर व्याह्यांच्या डोक्यावर आला. व्याही आजही झुलालकडे संशयाने बघतात.

लोकांना वाटतं, डिंकाच्या कारखान्यात सगळे डिंक बनवतात. बनवणारे वेगळे. झुलाल तोडणारा. बुटाचे तळवे, प्लायवूडच्या पट्ट्या, रबर, रेक्झिन, जे काही चिकटवता येतं ते चिकटवायचं आणि मग त्याचे हाल करायचे. काही पट्ट्या यंत्रात धरून ओढायच्या, काहींना वजनं टांगायची, आणि बाकीच्या एका कपाटाएवढ्या पेटीत कोंडायच्या. पेटीत साठ अंश उष्णता, पंच्याण्णव टक्के दमटपणा, आणि एक हजार तास. पेटीला काचेची खिडकी आहे, तिच्यातून आत धुकं दिसतं. कारखान्यातले लोक तिला बाळंतिणीची खोली म्हणतात. झुलाल सकाळी आल्या आल्या त्या खिडकीतून आत डोकावतो आणि एखादा तळवा सुटलेला दिसला की त्याचा चेहरा उजळतो. "खोटं बोलत होता," म्हणतो. "बाहेर असता तर वर्षभर फसवलं असतं यानं."

त्याचा पेटीवरही पूर्ण विश्वास नाही. म्हणून घराच्या गच्चीत दुसरा पसारा. तारेला टांगलेल्या विटा, विटांना चिकटवलेल्या चपला, प्रत्येकीवर तारीख. जळगावचं पंचेचाळीस-शेहेचाळीसचं ऊन आणि नंतरचा घामट पावसाळा या चपला मुकाट्याने सोसतात. शेजाऱ्यांना वाटायचं, नजर लागू नये म्हणून उलट्या चपला टांगल्यात. हळूहळू गल्लीत तीन घरांवर चपला लटकल्या. झुलालने जाऊन त्यांचेही जोड तपासले.

या घरात, बैठकीच्या भिंतीत, दिपमालाने बांधकाम चालू असतानाच एक कोनाडा करून घेतला होता. दोन फूट बाय दोन फूट, खाली पांढरा संगमरवर. देव्हारा वेगळा होता. हा कोनाडा कानबाईसाठी. पण वर्षानुवर्षं त्यात मोबाईलचे चार्जर आणि विजेची बिलंच असायची.

आता कानबाई म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण सह्याद्रीपलीकडच्यांना सांगावं लागतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, अंगावर लुगडं. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, रोट होतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी होते, बायका गाणी म्हणतात, नाचतात. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नदीवर. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीकाठी. आमचा नारळ दरवर्षीचा नाही. तीन पिढ्यांचा आहे, नदीवरून परत येतो आणि पेटीत ठेवतात. तूप, हळद, शेंदूर बसून तो काळा तुळतुळीत झालाय. त्याला चांदीचे दोन डोळे मेणाने लावायचे, ही आमच्या आजीपासूनची पद्धत.

आणि आजीपासूनचीच दुसरी पद्धत म्हणजे नजर. रविवारी संध्याकाळी डोळे सरळ लावतात. सोमवारी सकाळपर्यंत मेण जरासं सरकतं आणि आईची, म्हणजे कानबाईची, नजर कुठेतरी झुकते. ज्या सुनेकडे झुकली, पुढच्या वर्षाची कानबाई तिच्या घरी. यावर वाद नाही, अपील नाही. सुना तीन. आम्हा भावांत थोरले धनसिंग नाना, त्यांची सुंदरबाई. माझी हेमांगी. आणि झुलालची दिपमाला. सुंदरबाई चौरंगाच्या उजव्या हाताला बसायची, समईपाशी, मोठी म्हणून. हेमांगी डाव्या हाताला. दिपमाला धाकटी. तिची जागा दारात, कारण पाणी आण, चहा आण, आलेल्याला वाट दे, हे सगळं तिच्याकडे. आईची नजर दरवर्षी सुंदरबाईकडे जायची. दोनदा हेमांगीकडे आली, त्या दोन वर्षांच्या आठवणी मी रोज जेवताना ऐकतो. दिपमालाकडे एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

कानबाई घरी आली की सून पहिल्यांदा चौरंग डोक्यावर घेते, गावातून पुढे चालते, आणि त्या दिवशी तिला कुणी चहा आण म्हणत नाही. दिपमालाला एवढंच हवं होतं. तोंडाने ती कधी बोलली नाही, पण तो कोनाडा बोलायचा.

दोन वर्षांपूर्वी घोटाळा झाला. सोमवारी सकाळी बघतो तर आईचा डावा डोळा जागेवर नाही. चौरंग शोधला, लुगडं झटकलं, सगळ्यांना उठवून सतरंजी उचलली. डोळा नाही. विसर्जनाची वेळ होत आली म्हणून नाना प्रसादाची खीर खायला बसले आणि दुसऱ्याच घासाला थांबले. तोंडात बोट घातलं. बाहेर आला तो चांदीचा डोळा, एक वेलदोडा आणि नानांच्या कवळीचा एक दात.

खीर आईसमोरच ठेवली होती, त्यात डोळा पडला होता. पण आता नजर कोणाकडे? हेमांगी म्हणाली, "ऱ्हायेल डोया मनाकडे देखी ऱ्हायना." सुंदरबाईने पदर खोचला. "आई मना धनीना तोंडमा उनी," ती म्हणाली, "आते आखो काय देखनं शे?" झालं. एकीचा दावा उरलेल्या डोळ्यावर, दुसरीचा नवऱ्याच्या तोंडात आलेल्या आईवर; वाजंत्री दारात वाजत होती आणि आत दोन जावा. शेवटी डाव्या डोळ्याच्या जागी झेंडूची पाकळी लावून आई गावातून निघाली. लोक हसले. आमच्या घराण्याच्या कानबाईला लोक हसले, हे नानांना लागलं.

नदीवरून आल्यावर नानांनी झुलालला समोर बसवलं. "तू दुनियाना जोडा चिकटाडस. आईना एक डोया चिकटाडता येस नही का तुले?"

"येतो," झुलाल म्हणाला. "पण तपासावं लागेल."

"तपास. पण असा बसाड की परत हालाले नको. आनि डोया हालनाच नही तं सेवा जठे शे तठेच ऱ्हाई. मना घर. भांडन बंद."

सुंदरबाईने एकच विचारलं, "त्यामा हाडकंबिडकं नहीत ना रे?" जुना सरस जनावराच्या हाडाकातड्याचा असायचा, तिचं बरोबर होतं. झुलालने तिला कारखान्याच्या कागदावर लिहून दिलं की या डिंकात कुठल्याही प्राण्याचा अंश नाही. तिने तो कागद देवघरात ठेवला. मी दाराकडे बघितलं. दिपमाला कपबशा गोळा करत होती. कानबाई आता कायम त्यांच्याच घरी, हे नानांचं बोलणं तिने ऐकलं होतं, कारण एका बशीत तिने तीन कप ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून झुलाल कामाला लागला. श्रावणाचे अजून तीन आठवडे शिल्लक होते, ते त्याला फुकट घालवायचे नव्हते.

अडचण अशी की खरा नारळ प्रयोगाला मिळणार नाही. त्याला साबणाने धुवायचं तर नावच काढू नका. सुंदरबाईने आधीच बजावलं होतं, "तो मैल नही, मनी आजेसासूना हात शे." म्हणजे तूप-शेंदराच्या थरावर डिंक बसवायचा. तेलकटावर काही चिकटत नाही हे माझ्या सातवीतल्या पोरांनाही माहीत आहे. झुलालने बाजारातून अकरा नारळ आणले, सोलले, घासले आणि त्यांना म्हातारं करायला घेतलं. रोज संध्याकाळी तूप, हळद, शेंदूर, वर समईची ऊब. पंधरा दिवसांत अकरा नारळ आमच्या आजीएवढे झाले. मग सराफाकडून चांदीच्या मुलाम्याचे बावीस डोळे आणून प्रत्येक नारळाला वेगळ्या डिंकाने लावले आणि अकराही आया बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बसवल्या.

याच आठवड्यात सुरतेहून बुटांचा एक मोठा व्यापारी कारखाना बघायला आला. साहेब त्याला घेऊन प्रयोगशाळेत आले. "ही आमची दमट हवेची पेटी," म्हणाले, आणि काच पुसली. आत धुकं, आणि धुक्यातून बावीस डोळे बाहेर बघत होते. व्यापाऱ्याने बूट काढले आणि हात जोडले. साहेबांनाही मग जोडावे लागले. व्यापारी गेल्यावर त्यांनी झुलालला बोलावलं.

"झुलाल, हे काय आहे?"

"सर, तेलकट पृष्ठभागावरची चाचणी."

"मला देवी दिसली."

"हो सर. पृष्ठभाग तिचाच आहे."

सुरतेच्या माणसाने जाताना ऑर्डर दिली होती, त्यामुळे देवीला बाहेर काढायची हिंमत त्यांच्यात नव्हती. उलट कामगार पेटीपुढे उदबत्त्या लावायला लागले, आणि झुलालला दारावर पाटी लावावी लागली: धुराने यंत्राचे माप चुकते, कृपया लांबून नमस्कार करावा.

एकेक आई गळत गेली. एका डिंकाने डोळे पिवळे पडले, कावीळ झाल्यासारखे. एकाने डोळा धरला पण करवंटी तडकली. एक डिंक दहाव्या दिवशी वितळून दोन्ही डोळ्यांतून खाली ओघळला, तेव्हा रात्रपाळीच्या माणसाने बदली मागितली. दिवाळीनंतर चार उरल्या. त्या गच्चीत गेल्या. मे महिन्याने त्यातल्या तीन पाडल्या. एक राहिली. सातव्या नंबरची. झुलालने तिच्या डोळ्याला अर्धा किलोचं वजन टांगलं, मग एक किलोचं. डोळा हलला नाही. त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज पोरगी पास झालेल्या बापासारखा होता.

पण त्याआधीच, हिवाळ्यात, त्याने मला एक विचित्र फोन केला होता. मी वर्गात होतो. "भाऊ, २०११ साली नानांकडे कूलर कुठे ठेवला होता?"

"झुलाल, मी घर्षण शिकवतोय."

"आणि २०१७ साली?"

मी चिडून फोन ठेवला, पण मग आठवत राहिलो. दोन्ही वर्षी उकाडा फार होता. कूलर उजवीकडे, खिडकीत ठेवला होता, आणि वाऱ्याने समई विझू नये म्हणून ती डावीकडे नेली होती. हेमांगीच्या बाजूला. आणि हेमांगीची वर्षं तीच दोन. मी त्याला परत फोन केला. तो म्हणाला, "हो. समई ज्या बाजूला, त्या बाजूचं मेण आधी मऊ होतं. डोळा तिकडे घसरतो. नारळावर अकरा वेळा करून बघितलं. अकरा वेळा."

मी म्हणालो, "हे हेमांगीला सांगू नकोस." विज्ञानाचा मास्तर मी, पण मला घरात राहायचं आहे.

त्याने हेमांगीला सांगितलं नाही. दिपमालाला सांगितलं, आणि तिथे चुकला. तिने आधी ऐकून घेतलं. म्हणजे एकोणीस वर्षं आपल्या नशिबात आई नव्हती असं नाही, आपल्या बाजूला दिवा नव्हता. मग ती म्हणाली, "तुमना हातमा शे. नानास्नी तुम्हलेच सांगं शे. जरासा कच्चा लावा ना, समई मी मनाकडे सरकाडसू. एक साल. नंतर करा पक्का."

"कच्चा लावता येणार नाही."

"का? तुम्हले येस ना?"

"येतो म्हणूनच," झुलाल म्हणाला. "दिपा, मी वीस वर्षांत एक खोटा जोड पास केलेला नाही. लोकांच्या चपलेशी खोटं बोललो नाही, आईशी बोलू?"

ती उठली आणि कोनाड्यातले चार्जर नीट गुंडाळून ठेवायला लागली. "तुम्हले डिंक कयस," ती म्हणाली, "बाईमाणूस नही कयस."

त्यानंतर सव्वा महिना ती त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, डबा द्यायची, बोलायची नाही. झुलालने मला सांगितलं ते शब्द मी विसरणार नाही. गच्चीत उभा होता, सातव्या नंबरच्या नारळापाशी. "भाऊ, तिने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. सोनं नाही, साडी नाही. ती गोष्ट मी माझ्या हाताने कायमची बंद करणार आहे, आणि ती इतकी घट्ट बंद होणार आहे की मलाही उघडता येणार नाही." त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याचा राग आला. म्हटलं, अरे गाढवा, मग लाव की थोडा कच्चा, कोणाला कळणार आहे? तो म्हणाला, "मला." असल्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याला मिठीही मारता येत नाही. मी खाली जाऊन चहा प्यालो.

गेल्या वर्षीच्या श्रावणात, शनिवारी, झुलाल एक छोटी बाटली घेऊन गावी आला. सुंदरबाई समोर बसून होती. नारळावर जिथे पिढ्यान् पिढ्या मेण लागलं होतं, तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढी दोन ठिकाणं त्यातल्या त्यात कोरडी होती. तेवढ्याच जागेवर त्याने डिंक लावला, श्वास धरून डोळे बसवले, दोऱ्याने ओळंबा धरून सरळ केले आणि वीस मिनिटं दाबून बसला. मग सवयीने नारळाच्या मागे तारीख आणि वेळ लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवली. सुंदरबाईने ती लगेच काढली. "आईना वाढदिवस शे का?" म्हणाली.

रविवार नेहमीसारखा गेला. गाणी झाली, रोट झाले, दिपमालाने एकशेदहा कप चहा केला, असं हेमांगी सांगते. समई उजवीकडेच होती. सोमवारी उजाडताच सगळे आईपुढे जमले. नानांनी चष्मा लावला. सुंदरबाई उजवीकडे ताठ बसली, हेमांगी डावीकडे पुढे झुकली. झुलाल भिंतीशी उभा होता, हाताची घडी घालून, आणि तो नारळाकडे बघत नव्हता. कारण त्याला माहीत होतं.

डोळे जसेच्या तसे. ओळंब्यात. केसभर हलले नव्हते.

"शाबास रे," नाना म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई औंदा कोन्हाकडेच नही देखी ऱ्हायनी. ठरना तसंच. सेवा मना घर ऱ्हाई, आते कायमनी."

वाजंत्र्याने बाहेर एक थाप मारून बघितली. बायका उठायला लागल्या. मी झुलालकडे बघितलं नाही, बघवलं नसतं.

सुंदरबाई उठली नाही. ती बाई फटकळ आहे, हट्टी आहे, माझं आणि तिचं कधी पटलं नाही, पण तिची भक्ती खोटी नाही. ती नानांकडे वळली. "कोन्हाकडेच नही म्हंजे काय? आई काय आंधयी शे का?"

"अवं, डोया सरय शेतस," नाना म्हणाले.

"सरय शेतस ना? मंग सरय देखी ऱ्हायनी ना ती!"

ती सरकत सरकत चौरंगाच्या समोर आली, आईकडे पाठ केली, आणि आईचे डोळे जिकडे होते तिकडे स्वतः बघायला लागली. सतरंजीवरून, माणसांच्या मधून, समोर. समोर दार होतं. दारात दिपमाला उभी होती, हातात चहाचा ट्रे.

सगळ्यांच्या माना वळल्या. दिपमालाला काही समजलं नाही. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी वाटेत आलो, आईच्या आणि कुणाच्या तरी मध्ये उभ्या आहोत. एकोणीस वर्षांची सवय. ती पटकन ट्रे सांभाळत बाजूला झाली.

"सरकू नको वं माय," सुंदरबाई म्हणाली. "तठेच उभी ऱ्हाय. आई तुनाकडे देखी ऱ्हायनी."

ट्रे हेमांगीने घेतला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बायकोच्या वाट्यालाही थोडं चांगलं असू द्या. नाना काही बोलायच्या बेतात होते. सुंदरबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेली कवळी मिटून घेतली. नारळाची पेटी जाणार ती जळगावला, ठरलं. चौरंग नदीपर्यंत दिपमालाच्या डोक्यावर गेला. झुलाल मागून चालत होता आणि उघडपणे रडत होता, आणि वाजंत्रीत त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

नदीवर मी त्याला गाठलं. "खरं सांग. तुला माहीत होतं?"

"नाही भाऊ."

"तू सगळं तपासलंस. समई, कूलर, मेण, तूप."

"चाचणीत नारळ होता, डोळा होता, ऊन होतं, दमट हवा होती," झुलाल म्हणाला आणि नाक पुसलं. "दार नव्हतं."

यंदाच्या श्रावणात कानबाई जळगावला बसली, त्या कोनाड्यात, पांढऱ्या संगमरवरावर. चार्जर कुठे गेले कोण जाणे. आम्ही धुळ्याहून सकाळी लवकर निघालो, कारण हेमांगीला घाई होती. पोहोचलो तर सुंदरबाई आदल्या दिवशीच आलेली, आणि ती कुठे बसली असेल? दारात. अगदी उंबऱ्याला चिकटून. हेमांगी तिच्या शेजारी बसली. मग साक्रीच्या मावशी, मग पिंपळनेरच्या दोघी. दुपारपर्यंत दारात बायकांची अशी दाटी झाली की आत-बाहेर करायला जागा नाही, आणि घरमालक झुलाल बाजारातून आला तो मागच्या दाराने, वाण्याची पिशवी डोक्यावर धरून. आत बैठक अर्धी मोकळी.

आईजवळ, समईपाशी, एकटी दिपमाला बसली होती. तिच्या हातात कपबशी होती आणि त्यातला चहा तिला दुसऱ्या कुणीतरी करून दिला होता. आईची नजर तिच्या डोक्यावरून सरळ दाराकडे, सुंदरबाईकडे.

मी तिला चिडवायला म्हटलं, "दिपमाला, ह्या साल तं आई तुनाकडे देखीच नही ऱ्हायनी."

तिने चहाचा घोट घेतला.

"देखू द्या भाऊ, जठे देखनं शे तठे," ती म्हणाली. "शे तं मनाच घरमा."